वराहांच्या श्वसनरोगाचा विषाणू : जनुकीय अहवाल मागवताना आणि वाचताना

गाभण माद्या शेवटच्या महिन्यात गाभडू लागणे, मेलेली किंवा अशक्त पिल्ले जन्मास येणे आणि त्याच सुमारास दूध तोडलेल्या पिल्लांना ताप, धाप व खोकला यांनी ग्रासणे, ही लक्षणे एकाच कळपात एकत्र दिसली की पोर्साइन रिप्रॉडक्टिव्ह अँड रेस्पिरेटरी सिंड्रोम, संक्षेपाने पीआरआरएस, या रोगाची शंका घ्यावी लागते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि १९९०मध्ये जर्मनीत हा रोग दिसू लागला, तेव्हा त्याचे कारण अज्ञात होते. १९९१मध्ये नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथील संशोधकांनी त्याचा विषाणू वेगळा केला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतून व्हीआर-२३३२ हा दुसरा नमुना नोंदला गेला. दोहोंमुळे होणारा रोग सारखाच असला तरी त्यांच्या जनुकीय क्रमात सुमारे ४० टक्के फरक आढळला, आणि म्हणून आज युरोपीय वंशाचा पीआरआरएस-१ व अमेरिकी वंशाचा पीआरआरएस-२ हे दोन स्वतंत्र विषाणू मानले जातात. हा विषाणू माणसाला बाधत नाही. मात्र वराहपालनाचे त्याने जगभर केलेले आर्थिक नुकसान फार मोठे आहे.

भारतात हा रोग प्रथम २०१३मध्ये मिझोराममध्ये निश्चित झाला आणि तेथील विषाणू चीनमधील अतितीव्र प्रकाराच्या निकटचा असल्याचे जनुकीय तपासणीतून दिसले. तेव्हापासून पशुवैद्यक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि मोठे कळप बाळगणारे वराहपालक यांच्यासमोर जनुकीय विश्लेषणाचे अहवाल येऊ लागले आहेत. हे अहवाल टक्केवारी, वंशवृक्ष आणि आकड्यांची नावे यांनी भरलेले असतात आणि त्यांतला एखादा आकडा उचलून त्यावर कळपाचा निर्णय घेण्याचा मोह सहज होतो. अशा अहवालाकडून काय मागावे, नमुना कसा पाठवावा आणि आलेल्या निष्कर्षातून काय काढू नये, याची माहिती या वाचकांसाठी येथे दिली आहे.

विषाणूचा जनुकीय संच म्हणजे सुमारे १५,००० न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे जनुकीय अक्षरांची, एकपदरी आरएनए साखळी. तिच्या पहिल्या सुमारे तीन-चतुर्थांश भागात विषाणूची स्वतःची नक्कल करणारी यंत्रणा रचण्याच्या सूचना असतात आणि उरलेल्या भागात त्याच्या कवचाची प्रथिने. या साखळीवरील प्रत्येक सलग वाचल्या जाणाऱ्या भागाला ओआरएफ म्हणतात आणि त्याला क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी ओआरएफ-७ हा आतल्या प्रथिनाचा भाग फारसा बदलत नसल्याने निदानाच्या पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा ठराविक तुकडा अनेक पटींनी वाढवून शोधण्याच्या चाचणीत, तो अनेकदा वापरला जातो. तर जीपी-५ या बाहेरच्या प्रथिनाचा ओआरएफ-५ हा भाग सतत बदलत असल्याने नातेसंबंध शोधण्यासाठी निवडला जातो. पीआरआरएस-२मध्ये ओआरएफ-५ची लांबी ६०३ न्यूक्लिओटाइड आहे, म्हणजेच बहुतेक अहवाल ज्या एका तुकड्यावर उभे असतात तो संपूर्ण जनुकीय संचाच्या जेमतेम ४ टक्के असतो. पुढचे सर्व वाचन या मर्यादेच्या आत राहून करायचे असते, म्हणून ही टक्केवारी आरंभीच लक्षात ठेवावी.

हा विषाणू इतका बदलतो याचे कारण त्याच्या नक्कल करण्याच्या पद्धतीत आहे. कोरोनाविषाणू आणि पीआरआरएसचा विषाणू हे एकाच गणात मोडतात. परंतु कोरोनाविषाणूकडे नक्कल करताना झालेली चूक दुरुस्त करणारे विकर असते आणि पीआरआरएसच्या विषाणूकडे ते नसते. परिणामी त्याच्या साखळीत दर हजार स्थानांमागे वर्षाला साधारण एक ते दहा बदल साचतात. ओआरएफ-५पुरता हिशेब केला तर वर्षभरात अर्ध्या बदलापासून सहा बदलांपर्यंत काहीही संभवते आणि एकाच कळपात टिकून राहिलेला विषाणूसुद्धा दोन वर्षांनी मूळ क्रमापासून एक-दोन टक्के दूर गेलेला दिसू शकतो. या बदलांव्यतिरिक्त, एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एकाच वेळी शिरले तर त्यांचे तुकडे जुळून तिसराच विषाणू तयार होतो. यास पुनर्संयोजन म्हणतात आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

नमुना घेण्यापूर्वी प्रश्न लिहून काढणे ही या साऱ्या कामातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. कळपात सापडलेला विषाणू लशीतला आहे की रानटी, हा एक प्रश्न झाला. मागील वर्षीचाच विषाणू कळपात टिकून आहे की बाहेरून नवा आला, हा दुसरा. नवा आला असेल तर तो कोणत्या खरेदीतून, वीर्यातून किंवा वाहनातून आला असावा, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांना ओआरएफ-५चा क्रम बहुतेक वेळा पुरेसे उत्तर देतो, तर तिसऱ्यासाठी संभाव्य स्रोताकडील क्रमही हाती असावा लागतो. हा विषाणू किती जहाल आहे, हा चौथा प्रश्न वराहपालक सर्वांत आधी विचारतात; त्याचे उत्तर मात्र केवळ जनुकीय क्रमावरून देता येत नाही आणि तसे उत्तर देणाऱ्या अहवालाकडे सावधपणे पाहावे.

नमुन्यासाठी नुकताच ताप आलेला, औषधोपचार न झालेला प्राणी निवडावा, कारण संसर्गानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातील विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते. अशा प्राण्याचे रक्तजल, म्हणजे सीरम, हा क्रमनिर्धारणासाठी सर्वांत खात्रीचा नमुना होय. मृत प्राण्याचे फुफ्फुस, टॉन्सिल आणि लसिकाग्रंथी हेही उपयोगी पडतात. टॉन्सिलमध्ये तर विषाणू काही महिने टिकून राहतो. कळपात विषाणू फिरतो आहे का एवढेच पाहायचे असेल, तर पिल्लांच्या गोठ्यात सुती दोर अर्धा तास टांगून त्यांनी चावलेल्या दोराची लाळ पिळून घेण्याची पद्धत सोपी आणि प्राण्यांना त्रास न देणारी आहे, तसेच खच्चीकरणाच्या वेळी निघालेल्या ऊतींतील द्रवही तपासता येतो. मात्र लाळ आणि हा द्रव अनेक प्राण्यांचा मिसळलेला असतो आणि त्यात एकाहून अधिक विषाणू असले तर निघणारा क्रम प्रत्यक्षात कोणत्याही एका विषाणूचा नसतो. म्हणून शोधासाठी एकत्रित नमुना चालतो, पण क्रमनिर्धारणासाठी एका प्राण्याचा नमुना पाठवावा.

आरएनए लवकर विघटित होत असल्याने नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो ४ अंश सेल्सिअसच्या आसपास बर्फाच्या पॅकमध्ये ठेवावा, उशीर होणार असेल तर उणे ८० अंशांवर गोठवावा आणि गोठवणे व वितळवणे वारंवार करू नये. ऊतींचा नमुना फॉर्मेलिनमध्ये घातला तर सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी होईल, क्रमनिर्धारण मात्र बहुधा फसेल; म्हणून ऊतीचे दोन भाग करून एक फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा थंड ठेवून पाठवणे योग्य. भारतात आणखी एक खबरदारी अनिवार्य आहे. २०२०पासून देशात आफ्रिकन स्वाइन फिव्हर आलेला आहे, आणि तीव्र ताप, त्वचेवरील निळसर-लाल डाग व मोठ्या प्रमाणावरील मृत्यू हे चित्र त्या रोगात, क्लासिकल स्वाइन फिव्हरमध्ये आणि तीव्र पीआरआरएसमध्ये बरेच सारखे दिसते. त्यामुळे अशा कळपात शवविच्छेदन करण्याआधी पशुसंवर्धन विभागाला कळवावे आणि नमुने त्यांच्यामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातील अशी व्यवस्था करावी. महाराष्ट्र व गोवा येथील पशुवैद्यकांसाठी पुण्यातील पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा हा मार्गदर्शनाचा जवळचा दुवा आहे.

प्रयोगशाळेतील टप्पे थोडक्यात असे : आरएनए वेगळे केले जाते, त्याचे डीएनए प्रतीत रूपांतर होते आणि पीसीआरने विषाणू शोधला जातो. या पीसीआरच्या निकालासोबत सीटी मूल्य दिलेले असते. किती चक्रांनंतर विषाणूचा संकेत दिसू लागला तो हा आकडा असून तो जितका कमी तितका नमुन्यात विषाणू अधिक, आणि साधारण सव्वातीन चक्रांच्या फरकामागे प्रमाण दसपट बदलते. सीटी मूल्य ३०च्या खाली असेल तर ओआरएफ-५चा क्रम सहसा मिळतो, संपूर्ण जनुकीय संचासाठी त्याहून बरेच कमी मूल्य लागते, आणि ३५च्या पुढच्या नमुन्यावर क्रमनिर्धारणाचा खर्च करणे बहुधा व्यर्थ जाते. उलट, रोगलक्षणे स्पष्ट असताना पीसीआर नकारात्मक आली तर विषाणू नाही असे लगेच ठरवू नये, कारण चाचणीतील प्राइमर, म्हणजे विषाणूच्या ठराविक जागी चिकटणारे छोटे तुकडे, ज्या जागेशी जुळायचे तीच जागा बदललेली असू शकते. अशा वेळी वेगळ्या भागावर बेतलेली दुसरी चाचणी मागावी.

अहवालात सर्वांत ठळकपणे छापलेला आकडा म्हणजे साम्याची टक्केवारी, आणि सर्वाधिक गैरसमजही याच आकड्यातून होतात. ६०३ न्यूक्लिओटाइडांपैकी ६ वेगळी असली तर साम्य ९९ टक्के होते आणि १२ वेगळी असली तर ९८ टक्के. म्हणजे एका टक्क्यात केवळ सहा अक्षरे मावतात. व्यवहारात लशीच्या विषाणूशी ९८ टक्के किंवा अधिक साम्य असेल तर नमुना लशीसदृश मानण्याची प्रथा आहे आणि ती उपयुक्त आहे. तथापि ही सीमा निसर्गाने आखलेली नसून सोयीसाठी ठरवलेली आहे. लस कोणत्या विषाणूपासून बनली हे ठाऊक नसेल तर या टक्केवारीला अर्थच उरत नाही. चीनमध्ये २००६च्या जेएक्सए-१ या जहाल विषाणूलाच दुर्बल करून जिवंत लस तयार करण्यात आली, त्यामुळे ती लस वापरली गेली आहे अशा प्रदेशातील रानटी विषाणू आणि लशीतला विषाणू ओआरएफ-५मध्ये एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात आणि त्यांना वेगळे करण्यासाठी इतर भाग वाचावे लागतात.

साम्यावरून आणखी दोन निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला असा, की लशीशी साम्य जास्त म्हणून लस उत्तम संरक्षण देईल आणि कमी म्हणून निरुपयोगी ठरेल. ओआरएफ-५च्या टक्केवारीवरून संरक्षणाचे भाकीत करता येत नाही, हे अनेक प्रयोगांतून दिसलेले आहे, कारण प्रतिकारशक्ती विषाणूच्या अनेक प्रथिनांविरुद्ध घडते आणि पेशींमार्फत होणाऱ्या प्रतिकाराचा वाटा त्यात मोठा असतो. म्हणून केवळ टक्केवारी पाहून लस बदलू नये. दुसरा निष्कर्ष दिशेबद्दलचा असतो. दोन कळपांतील विषाणू ९९.५ टक्के सारखे निघाले तर ते जवळचे नातेवाईक आहेत एवढेच ठरते. पहिल्याकडून दुसऱ्याकडे संसर्ग गेला, दुसऱ्याकडून पहिल्याकडे आला, की दोघांना तिसऱ्याच ठिकाणाहून झाला, हे खरेदीच्या पावत्या, वाहनांच्या फेऱ्या आणि लक्षणे सुरू झाल्याच्या तारखा यांवरून ठरवावे लागते. शेजाऱ्यावर दोषारोप करण्यासाठी जनुकीय अहवाल वापरला जातो तेव्हा हा भेद पुसला जातो आणि ज्याने प्रामाणिकपणे नमुना दिला त्याचेच नुकसान होते. पुढच्या वेळी तो नमुना देत नाही, आणि ही हानी संपूर्ण परिसराची असते.

मिझोरामच्या उदाहरणाने हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथील विषाणू चीनमधील अतितीव्र विषाणूच्या जवळचा निघाला, याचा अर्थ तो थेट चीनमधून आला असा नव्हे. तो प्रकार चीनमधून २००७मध्ये व्हिएतनाममध्ये आणि नंतरच्या काही वर्षांत लाओस, थायलंड, कंबोडिया व म्यानमार येथे पसरला होता आणि मिझोरामची लांब सीमा म्यानमारला लागून आहे, ही भौगोलिक माहिती जनुकीय साम्याला जोडली तरच वाजवी अनुमान करता येते. शिवाय सार्वजनिक जनुकीय संग्रहातील सर्वांत जवळचा नमुना म्हणजे तेथे ठेवलेल्या नमुन्यांतील सर्वांत जवळचा. ज्या प्रदेशातून कोणी क्रम जमाच केले नाहीत, तेथील विषाणू खरा पूर्वज असला तरी अहवालात त्याचे नाव येणार नाही.

वंशवृक्ष वाचताना प्रथम संदर्भासाठी कोणते क्रम घेतले आहेत ते पाहावे. लेलिस्टाड, व्हीआर-२३३२, जेएक्सए-१, वापरात असलेल्या लशी आणि त्याच प्रदेशातील आधीचे नमुने यांपैकी काही गाळले गेले असतील तर झाड सुबक दिसूनही दिशाभूल करू शकते. फांद्यांच्या सांध्यावर छापलेले बूटस्ट्रॅप मूल्य, म्हणजे माहितीची पुनःपुन्हा फेरनिवड करून झाड बांधले असता तोच गट किती टक्के वेळा मिळाला तो आकडा, ७०च्या खाली असेल तर त्या सांध्यावर निष्कर्ष टांगू नये. पीआरआरएस-२चे ओआरएफ-५वर आधारलेले गट वंशावळ क्रमांकाने ओळखले जातात. २०१०मध्ये असे नऊ मुख्य गट मांडले गेले आणि नंतर त्यांत भर पडली. याशिवाय १-७-४, १-४-४ अशी तीन अंकी नावे आढळतात. तीन विकरे ओआरएफ-५ला कोठे कापतात यावरून ती दिलेली असतात. ही पद्धत १९९०च्या दशकात लशीचा विषाणू ओळखण्यासाठी पुढे आली आणि त्या कामी उपयोगी ठरली, पण कापण्याच्या जागेवरील एकाच अक्षराच्या बदलाने नाव बदलते आणि दूरच्या दोन विषाणूंना तेच नाव मिळू शकते. २०२०च्या अखेरीपासून अमेरिकेच्या मिनेसोटा व आयोवा भागात पसरलेल्या तीव्र विषाणूला १-४-४ म्हणत असले तरी १-४-४ म्हणजे तोच विषाणू असे नाही, आणि म्हणून या अंकांसोबत वंशावळ गट लिहिलेला नसेल तर तो विचारून घ्यावा.

जहालपणाच्या खुणेविषयी सर्वांत शिकवणारा प्रसंग चीनमध्येच घडला. २००६मध्ये तेथे डुकरांचा तीव्र ताप या नावाने आलेल्या साथीत वीस लाखांहून अधिक डुकरे आजारी पडली आणि सुमारे चार लाख मेली. एरवी या रोगाने न मरणारी प्रौढ जनावरेही दगावली. त्या विषाणूच्या एनएसपी-२ या अतिशय बदलत्या प्रथिनात ३० अमिनो आम्ले गळालेली आढळली, एका ठिकाणी १ आणि पुढे सलग २९, आणि ही गळतीच जहालपणाचे कारण असावी असा तर्क स्वाभाविकच पुढे आला. पुढे प्रयोगशाळेत रचलेल्या विषाणूंवर तपासणी झाली, तेव्हा ही गळती जहालपणास जबाबदार नसल्याचे २००९मध्ये दिसले आणि नंतरच्या कामातून एनएसपी-९ व एनएसपी-१० या नक्कल यंत्रणेच्या भागांकडे लक्ष वळले. ती गळती आजही त्या वंशाची ओळखखूण म्हणून उपयोगी आहे. परंतु एखाद्या अहवालात ती आढळली म्हणून कळप मरणारच आणि आढळली नाही म्हणून निश्चिंत राहावे, असे दोन्ही अर्थ चुकीचे ठरतात. अमेरिकेत २००८मध्ये सापडलेल्या एनएडीसी-३० या विषाणूत १३१ अमिनो आम्लांची गळती आहे आणि तरीही तो चीनच्या २००६च्या विषाणूइतका मारक नाही.

हाच एनएडीसी-३० वंश पुढे चीनमध्ये पोहोचला आणि तेथील विषाणूंशी त्याचे वारंवार पुनर्संयोजन झाले, त्यामुळे एका झाडात एका गटात आणि दुसऱ्या झाडात दुसऱ्याच गटात बसणारे विषाणू आढळू लागले. केवळ ओआरएफ-५ पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. म्हणून रोगाचे रूप अचानक बदलले असेल, लसीकरण झालेल्या कळपात मृत्यू वाढले असतील किंवा ओआरएफ-५ लशीसदृश असूनही रोग तीव्र असेल, तर संपूर्ण जनुकीय संचाचा क्रम मागावा, आणि तो शक्य नसेल तर निदान एनएसपी-२चा एक भाग वाचून घेऊन दोन्हींचे वंशवृक्ष शेजारी ठेवून पाहावेत. लशींच्या बाबतीत याचा धडा डेन्मार्कमध्ये २०१९मध्ये मिळाला. दोन वेगळ्या जिवंत लशींच्या विषाणूंच्या संयोगातून तयार झालेला विषाणू तेथील एका नर-वराह केंद्रात शिरला आणि वीर्यामार्फत अनेक कळपांत पोहोचून त्याने तीव्र रोग घडवला. जिवंत लस हे या रोगाविरुद्धचे उपयुक्त साधन आहे यात शंका नाही. तथापि एकाच कळपात वेगवेगळ्या जिवंत लशी आलटून-पालटून किंवा एकत्र वापरू नयेत आणि कृत्रिम रेतनासाठी वीर्य घेताना त्या केंद्रातील नरांची नियमित पीसीआर तपासणी होते की नाही हे विचारावे.

निष्कर्ष हाती आल्यावर कळपातील कृती त्याच्याशी जोडली गेली पाहिजे. पूर्वीचाच विषाणू थोड्या बदलांसह टिकून आहे असे दिसले तर दोष कळपाच्या आतील फिरण्यात असतो. अशा वेळी नवीन माद्या आणणे सुमारे २०० दिवस किंवा त्याहून अधिक काळ थांबवणे, वयोगट वेगळे ठेवणे आणि एका गटाचे सर्व प्राणी काढून जागा धुऊन-वाळवूनच पुढचा गट घेणे, हे उपाय केंद्रस्थानी येतात. नवा विषाणू आला असे दिसले तर दाराकडे पाहावे लागते : विलगीकरणाचा काळ, वाहनांची स्वच्छता, वीर्याचा स्रोत आणि कामगारांचे कपडे-जोडे. गोवा, कोकण किंवा विदर्भात परराज्यातून पैदाशीची जनावरे आणणाऱ्यांनी ती किमान महिनाभर वेगळ्या जागी ठेवून दोनदा तपासावीत, कारण संसर्ग झालेले प्रौढ जनावर वरकरणी निरोगी दिसत असतानाही विषाणू बाहेर टाकत असते.

क्रम मिळाल्यावर तो प्रयोगशाळेच्या संगणकात पडून राहू देऊ नये. प्रयोगशाळेकडून केवळ अहवालाचा कागद न घेता प्रत्यक्ष क्रमाची फाइल मागून घ्यावी, तिच्यासोबत नमुना घेतल्याची तारीख, जिल्हा, प्राण्याचे वय, लसीकरणाचा इतिहास, लशीचे नाव आणि सीटी मूल्य यांची नोंद ठेवावी, आणि मालकाची ओळख उघड न करता तो जेनबँकसारख्या सार्वजनिक संग्रहात जमा करावा. उरलेले रक्तजलही नाव घातलेल्या नळीत उणे ८० अंशांवर जपून ठेवावे, म्हणजे पुढील साथीत नव्या पद्धतीने संपूर्ण जनुकीय संच वाचायचा झाला तर तुलनेसाठी जुना विषाणू उपलब्ध राहील.